जुनं हलकं विमान घेताना कुठलं निवडायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सेकंडहँड विमान घ्यायचं डोक्यात आलं की सगळे जण थोड्याफार फरकाने हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. इथे फक्त सिंगल इंजिन, पिस्टन, दोन ते चार सीटची विमानं धरलीयत. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढे भांडायला बरं: मॉडेल कुठलं हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे, समोर उभा असलेला नग कसा उडवला आणि कसा राखला गेला हा पहिला.

पैसे तयार आहेत, आता मॉडेल कसं ठरवू?

आधी स्वतःचं लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) उघडा आणि मागच्या वर्षभरात खरोखर कुठे कुठे उडालात ते बघा. बहुतेकांचं निघतं ते असं, एकटे किंवा बरोबर अजून एक जण, तास-दीड तास, दिवसा, हवा चांगली. आणि विमान मात्र शोधत असतात वर्षातून एकदा घरच्या सगळ्यांना सामानासकट हजार किलोमीटर लांब न्यायच्या स्वप्नासाठी. त्या एका ट्रिपपुरतं भाड्याने घ्या की, त्यासाठी बाकीचं वर्ष मोठं इंजिन कशाला पोसायचं?

वेगाचं गणितही एकदा कागदावर करून बघा. ४०० किलोमीटर म्हणजे साधारण २१६ नॉटिकल मैल. सेस्ना १७२ ला ११० नॉट (म्हणजे तासाला ११० नॉटिकल मैल) धरले तर दोन तासाला दोन मिनिटं कमी लागतात, मूनी एम२०जे ला १५५ नॉट धरले तर एक तास २४ मिनिटं. वाचली किती, ३४ मिनिटं. तेच अंतर १,००० किलोमीटर झालं की फरक जवळजवळ दीड तासाचा होतो, आणि १७२ ला मध्ये पेट्रोल भरायला उतरावं लागेल ते वेगळं. मग तुम्ही महिन्यातून दोनदा एवढं लांब जाणार असाल तर वेगाला पैसे मोजणं बरोबर आहे, नाहीतर ती फक्त हौस. हौसेला मोल नाही हे मान्य, पण हौस म्हणून घेतोय हे स्वतःला माहीत असलेलं बरं. एक गोष्ट मात्र वेगवान विमानाच्या बाजूने, समोरून २५ नॉट वारा असेल तेव्हा हळू विमानाचे फार हाल होतात, वरच्याच ४०० किलोमीटरला १७२ अडीच तास घेईल आणि मूनी एक तास ४० मिनिटं.

चार सीट म्हणजे चार माणसं बसतात ना?

बसतात. उडतील का ते वजनावर. १९७७ ते १९८० मधलं १७२एन घ्या, कमाल वजन १,०४३ किलो. रिकामं विमान आतल्या सामानानुसार ६६० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे हातात राहिले ३८३. दोन्ही टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येणारं पेट्रोल १५१ लिटर, ते झालं १०९ किलो, उरले २७४. ८० किलोची चार माणसं म्हणजे ३२०. बॅग अजून ठेवलीच नाहीये आणि ४६ किलो जास्त झाले. उलटं करून बघा, चार माणसं बसवली तर पेट्रोलला ६३ किलो उरतात, म्हणजे ८७ लिटर, तासाला ३२ लिटर जातात, पाऊण तासाचं राखीव बाजूला काढलं की जेमतेम दोन तास. तेही बॅगांशिवाय.

दोन सीटवाल्यांनी हसू नये, सेस्ना १५२ चं तर अजून अवघड आहे. कमाल ७५७, रिकामं ५१५ च्या आसपास, फुल टाकी ६७ किलो, उरले १७५. दोन दणकट माणसं बसली की हेडसेट आणि पाण्याची बाटली, बस.

आणि हे रिकामं वजन माहितीपत्रकातलं धरू नका. त्या नगाचा शेवटचा वजनाचा रिपोर्ट मागा आणि तो कधीचा आहे ते बघा. चाळीस वर्षांत विमानं जाड होतात, रंगाचे थर, जादा रेडिओ, सीटची नवीन कव्हरं... कागदावर मात्र कुणीतरी आकडेमोड करून तेच जुनं वजन पुढे ढकलत आलेलं असतं.

सेस्ना १७२ की पायपर वॉरियर/आर्चर?

हा वाद कधीच संपणार नाही, आणि खरं सांगायचं तर दोन्ही चांगली आहेत, जे चांगल्या अवस्थेत मिळेल ते घ्या. तरी फरक सांगतो.

१७२ चे पंख वर, खालचं छान दिसतं, दोन्ही बाजूला दार, पावसात चढता-उतरता डोक्यावर छप्पर. पेट्रोल वरून आपोआप खाली येतं आणि सिलेक्टर (पेट्रोल कुठल्या टाकीतून घ्यायचं ते ठरवणारी चावी) 'दोन्ही' वर ठेवून निवांत बसता येतं. पायपरचे पंख खाली, दार एकच आणि तेही उजवीकडे, म्हणजे पायलटने आधी आत सरकायचं मग बाकीच्यांनी. सिलेक्टरला डावी किंवा उजवी एवढंच, 'दोन्ही' नाहीच, त्यामुळे ठराविक वेळाने टाकी बदलायची सवय लावून घ्यावी लागते. पण पायपर उतरवताना छान बसतं, वाऱ्यात जरा कमी हेलकावतं, आणि पंखांवरच्या टाक्यांची झाकणं जमिनीवर उभं राहून उघडता येतात, सेस्नाला शिडी लागते. आर्चरचं १८० हॉर्सपॉवरचं ओ-३६० इंजिन तर मला या सगळ्यात सगळ्यात आवडतं, काही तक्रारच नसते त्याची.

१७२ मध्ये वर्ष बघणं फार महत्त्वाचं कारण इंजिनं बदलत गेलीयत. १९६७ पर्यंत कॉन्टिनेंटलचं सहा सिलिंडरचं ओ-३००, १४५ हॉर्सपॉवर. १९६८ पासून लायकॉमिंगचं ओ-३२०, १५० चं. मग १९७७ ते १९८० मधलं बदनाम ओ-३२०-एच२एडी, ज्याचे कॅमशाफ्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारे भाग) लवकर झिजायचे, त्यावर नंतर दुरुस्त्या आल्या आणि तेलात एक विशिष्ट ॲडिटिव्ह घालणं सक्तीचं झालं. १९८१ पासून, म्हणजे १७२पी मध्ये, ओ-३२०-डी२जे. म्हणून लोक एन मॉडेलला नाक मुरडतात आणि पी मागतात. माझ्या मते, नियमित उडणारं आणि ॲडिटिव्हच्या नोंदी व्यवस्थित असलेलं एन हे वर्षानुवर्षं हँगरमध्ये धूळ खात पडलेल्या पी पेक्षा केव्हाही बरं, आणि भावही जरा उतरलेला असतो.

आता दोघांची एकेक दुखती नस. सेस्नाची, सीटचे रूळ. सीट पुढेमागे करायला रुळात भोकं असतात, त्यात पिन बसते. भोकं झिजून लांबट झाली की पिन नीट बसत नाही आणि टेकऑफला नाक वर गेलं की सीट सरकते मागे, पायलटचे हात कंट्रोल धरलेले, तो आपसूक ते ओढतो आणि नाक अजून वर. असे जीवघेणे अपघात झालेत, त्यावर नियामकाचा सक्तीचा आदेश आहे (याला सगळे एडी म्हणतात, पुढे मीही तेच लिहितो). गुडघ्यावर बसा, टॉर्च घ्या, एकेक भोक बघा, बोट फिरवून बघा. गोल असेल तर ठीक. पायपरची नस म्हणजे पंखाचा मुख्य स्पार, पंखाला आतून पेलणारी तुळई. २०१८ मध्ये अमेरिकेत डेटोना बीचला ट्रेनिंगमधल्या एका पायपर ॲरोचा (आर्चरचं चाकं आत जाणारं भावंड) पंख हवेत तुटला, दोघं गेले, आणि मग स्पारच्या बोल्टच्या भोकांची एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने तडे शोधायची पद्धत, वरच्या आदेशवाल्या एडीशी नावापुरतं साम्य) सक्तीची झाली. ती पायपरच्या काही पीए-२८ आणि पीए-३२ मॉडेल्सना लागते, आर्चर आणि ॲरो त्यात येतात, आणि १०० तासांच्या तपासण्या जितक्या जास्त झाल्यात तितकी लवकर लागू होते. म्हणजे शाळेत राबलेलं पायपर असेल तर हा हिशोब करून मागाच. तपासणी झाली असेल तर रिपोर्ट बघा, व्हायची असेल तर ती पैसे द्यायच्या आधी करून घ्या.

शिकायला आणि तास भरायला १५०/१५२ पुरेल का?

पुरेल, एकदम. तासाला २१ ते २३ लिटर, सुटे भाग मिळतात, विकायलाही त्रास नाही. फक्त वरचं वजनाचं गणित विसरू नका. १५० मध्ये कॉन्टिनेंटल ओ-२००, १५२ मध्ये लायकॉमिंग ओ-२३५.

ही सगळी विमानं एवढी जुनी का असतात? नवीन काही येतच नाही का?

१९७८ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे १७,८०० छोटी विमानं बनली. मग मागणी पडली, वर उत्पादकांवरचे खटले आणि विम्याचा खर्च वाढत गेला, सेस्नाने १९८६ मध्ये पिस्टन विमानं बनवणं बंद केलं. १९९४ मध्ये तिथे कायदा आला की विमान १८ वर्षांपेक्षा जुनं झालं की उत्पादकाची जबाबदारी बरीचशी संपते, आणि १९९६ मध्ये १७२ परत सुरू झालं. बाजारात ऐंशीच्या मध्यापासून नव्वदच्या मध्यापर्यंतचं फारसं काही दिसत नाही ते यामुळे. वय बघून घाबरू नका, ॲल्युमिनियमचं विमान नीट राखलं तर पन्नास वर्षांनीही उडतं.

चाकं आत जाणारं घेऊ का? सगळे म्हणतात वेग वाढतो.

वाढतो. पण किती ते बघा, आर्चर आणि दोनशे हॉर्सपॉवरचं ॲरो यात फरक १०-१५ नॉटचा. त्याबदल्यात पंप, मोटर, होज, स्विच, जॅकवर उचलून चाकं आतबाहेर करून बघायची वार्षिक तपासणी, आणि विम्याचा जास्त हप्ता, त्यात तुमचे तास कमी असतील तर विमेवाले आधी इतके तास ट्रेनिंग करा म्हणतील. आणि कधीतरी कुणीतरी चाकं बाहेर न काढताच उतरतो, ते तर आहेच. मला विचाराल तर पहिलं विमान स्थिर चाकांचं घ्या. चाकं आत घेणारंच हवं असेल तर ॲरोपेक्षा सरळ मूनी बघा, तिथे खरोखर फायदा मिळतो, एम२०जे तासाला ३८ लिटरच्या आसपास पिऊन दीडशे नॉटच्या वर जातं. मूनीला दोन गोष्टी बघायच्या, पंखातच टाकी असते आणि आतलं सीलंट वयाने सुटतं, पंखाखाली पेट्रोलचे निळे डाग दिसले तर पूर्ण टाकी परत सील करणं हे मोठं आणि महागडं काम आहे. दुसरं, चाकांचा धक्का झेलणाऱ्या रबरी चकत्या. अगदी सुरुवातीच्या मूनीला लाकडी पंख होते, ते कितीही स्वस्त मिळालं तरी पहिलं विमान म्हणून नको.

बीचक्राफ्ट बोनान्झा? विमान अप्रतिम, पण व्ही आकाराच्या शेपटीवर मॅग्नेशियमचे पत्रे आहेत, ते गंजतात आणि बदलायला मिळणं कठीण. सरळ शेपटीचं असेल तर बघा. पेट्रोल मात्र मूनीच्या दीडपट.

इंजिनाचे तास कमी म्हणजे विमान चांगलं, बरोबर?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं, 'ओव्हरहॉलनंतर फक्त ३०० तास'. ओव्हरहॉल म्हणजे इंजिन पूर्ण खोलून परत बांधणं. विचारायचं काय, ते ओव्हरहॉल कधीचं? १९९८ चं असेल तर वर्षाला सरासरी १०-१२ तास उडालंय ते. लायकॉमिंगच्या ओ-३२०, ओ-३६० ना उत्पादक २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते, असं ओव्हरहॉल सांगतो. तास सगळे वाचतात, वर्षं कुणी वाचत नाही.

कारण काय ते समजून घ्या. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन बंद पडून राहिलं की तेल खाली निथळतं, कॅम उघडा पडतो, त्यावर दमट हवा बसते आणि गंजाचे बारीक ठिपके पडतात. मग नवीन मालक विमान घेतो, उत्साहाने उडवायला लागतो, आणि तो खडबडीत झालेला कॅम टॅपेट खात सुटतो, शे-दोनशे तासात फिल्टरमध्ये लोखंडाची चमक. कॉन्टिनेंटलमध्ये कॅम खाली असल्यामुळे हे जरा कमी होतं, पण सिलिंडर तिथेही गंजतातच. मालक म्हणतो 'मी दर आठवड्याला दहा मिनिटं सुरू करून ठेवायचो', त्याने उलट नुकसानच होतं, तेल पुरेसं तापत नाही, आत पाणी साचतं आणि तिथेच राहतं. विमान उडवूनच तापवावं लागतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. एकीकडे १,४०० तास झालेलं पण दर आठवड्याला उडणारं इंजिन आणि दुसरीकडे २०० तासांचं पण पाच वर्षं उभं असलेलं, तर मी पहिलं घेईन आणि किंमत ठरवताना दोन्हींना ओव्हरहॉलच्या दारात उभं असल्यासारखंच धरीन. आणि हो, ओव्हरहॉल या शब्दातही प्रकार आहेत. कारखान्यातून आलेलं, नवीन भागांच्या मापात बसवलेलं, आणि 'अजून चालेल' एवढ्या मापात बसवलेलं, तिघांनाही जाहिरातीत एकच शब्द. 'टॉप ओव्हरहॉल' म्हणजे फक्त सिलिंडर, खालचं इंजिन जुनंच.

कॉम्प्रेशनचे आकडे कसे वाचायचे?

सिलिंडरमध्ये ८० च्या दाबाने हवा सोडतात आणि त्यातला किती दाब टिकतो ते बघतात, म्हणून आकडे ८० पैकी ७६, ७४, ७५ असे असतात. चारही जवळजवळ सारखे असतील तर छान. एखादाच ६२ वर असेल तर हवा कुठून निसटतेय ते ऐकायचं, एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह, तेल भरायच्या नळीतून आली तर रिंग. पण नुसत्या या आकड्यांवर मी आता फारसा विसंबत नाही, बोरोस्कोप कॅमेरा प्लगच्या भोकातून आत घालून फोटो मागतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर रंगाची वर्तुळं गोल आणि मध्यात असली तर व्हॉल्व्ह निरोगी. एका कडेलाच वेगळा रंग, चंद्रकोरीसारखा, दिसला तर तो तिथे जळायला लागलाय. कॉम्प्रेशन अजून ७४ दाखवत असेल तरी.

विमानाच्या लॉगबुकमध्ये नेमकं काय बघू?

सगळं, पहिल्या पानापासून, एक पूर्ण संध्याकाळ द्या त्याला. मध्ये एक वही गहाळ असेल तर किंमत चांगलीच खाली यायला हवी, कारण त्या काळात काय झालं ते आता कुणीच सांगू शकणार नाही.

एका १७२ च्या वह्या मित्रासाठी वाचत बसलो होतो. विमान चकाचक, नवीन रंग, विक्रेता म्हणाला कधीच धक्का लागला नाही. वहीत कुठेही अपघात हा शब्द नव्हता. पण एका वर्षी, एकाच तारखेला तीन नोंदी होत्या, प्रोपेलर बदलला, नोज गिअरचा (पुढच्या चाकाचा) काटा बदलला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) खालच्या पत्र्याची दुरुस्ती. तिन्ही वेगवेगळ्या ओळींवर, मध्ये टायर आणि बॅटरीच्या नोंदी पेरलेल्या. आता नाक आपटल्याशिवाय या तीन गोष्टी एका दिवशी कशाला होतील? इंजिन उघडून तपासल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती, आणि प्रॉप जमिनीला लागल्यावर इंजिन उघडून बघा असं लायकॉमिंग आणि कॉन्टिनेंटल दोघंही सांगतात. वरून कीर्तन आतून तमाशा, दुसरं काय. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणे हे माझ्या आधीच्या मालकाचं. असेलही. मित्राने सोडलं ते विमान.

तर असं वाचायचं, एकेक नोंद सुटी न वाचता तारखा जुळवून. त्याशिवाय एडींची यादी, प्रत्येकीसमोर कधी आणि कशी पूर्ण केली ते. जोडलेल्या प्रत्येक जादा वस्तूचे मंजुरीचे कागद. आणि सिरीअल नंबर, जो विमानावर पाटीवर आहे तोच कागदावर आहे ना. विमानावर कर्ज आहे का हे नोंदणी कार्यालयातून तपासा, विक्रेत्याच्या तोंडावर जाऊ नका.

धक्का लागलेलं विमान घेऊच नये का?

असं काही नाही. २० वर्षांपूर्वी पंखाचं टोक हँगरच्या दाराला घासलं, कारखान्याचा भाग लावून दुरुस्त केलं, कागद आहेत, त्यानंतर हजार तास उडालं, तर काय बिघडलं. भाव कमी करून घ्या आणि खुशाल घ्या. लपवलेलं नको. सेस्ना १८२ घेताय तर काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढायला लावून फायरवॉल नक्की बघा, नाकाला जड विमान आहे ते, जोरात नाकावर उतरवलं की पत्र्याला सुरकुत्या पडतात.

प्री-बाय (खरेदीआधीची) तपासणी कुणाकडून करावी?

त्या विमानाचं काम नेहमी करणाऱ्याकडून नको. तो माणूस वाईट असतो असं नाही, पण स्वतःच्याच कामाला स्वतः मार्क कसे देणार. त्या मॉडेलची सवय असलेला वेगळा मेकॅनिक घ्या, येण्याजाण्याचा खर्च तुम्ही द्या. आणि काय काय उघडायचं ते आधी लेखी ठरवा, कारण प्री-बायची कुठे ठरलेली व्याख्या नाही, कुणी तासाभरात फेरी मारून 'छान आहे' म्हणतो, कुणी दोन दिवस लावतो. माझ्या यादीत निदान एवढं असतं: बोरोस्कोप, तेलाचा फिल्टर कापून बघणं, पंखाची आणि शेपटीची तपासणीची झाकणं उघडणं, केबल आणि पुली, एडींची पडताळणी. बयाणा देताना लिहून घ्या की उडण्यास अयोग्य ठरवणारा दोष निघाला तर तो विक्रेता दुरुस्त करेल नाहीतर पैसे परत.

गंज कुठे शोधायचा?

ॲल्युमिनियमवर तो पांढऱ्या पावडरीसारखा दिसतो किंवा रंगाखाली किड्यांनी पोखरल्यासारख्या रेषा. बिजागऱ्यांजवळ, पंख जिथे धडाला जोडतो तिथे, बॅटरीच्या डब्याखाली, केबिनच्या गालिचाखाली. विमान समुद्राजवळ उघड्यावर राहिलंय का हे वहीतल्या दुरुस्तीच्या शिक्क्यांवरून कळतं, गावांची नावं असतात त्यावर. हलक्यात घेऊ नका, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात एका सेस्ना २१० चा पंख उडताना तुटला, आणि तपासात निघालं की केबिनच्या वरून जाणाऱ्या स्पारमध्ये गंजाच्या एका छोट्या खड्ड्यापासून तडा सुरू झाला होता. या एका बाबतीत मी घासाघीस करत नाही, स्पारवर गंज दिसला की विषय संपला.

नवीन स्क्रीनवाली एव्हिऑनिक्स (कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) असलेलं घेऊ की जुन्या घड्याळांसारख्या डायलचं घेऊन नंतर बदलू?

आधीच बसवलेलं घ्या, जवळजवळ नेहमीच. आधीच्या मालकाने बसवायला जेवढे घातले त्यातले निम्मेही त्याला विकताना परत मिळत नाहीत, त्याचा फायदा तुम्ही घ्या. फक्त तुम्ही उडणार तिथले नियम बघा. अमेरिकेत २०२० पासून बऱ्याच हवाई क्षेत्रात एडीएस-बी आउट (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र) लागतं, युरोपात ८.३३ किलोहर्ट्झवाले रेडिओ. आणि ईएलटी (अपघात झाल्यावर आपोआप संकटाचा सिग्नल देणारं यंत्र) ४०६ मेगाहर्ट्झचं आहे ना बघा, जुन्या १२१.५ चे सिग्नल उपग्रहांनी ऐकणं २००९ मध्येच बंद झालंय. ढगात उडणार नसाल तर यावर जास्त डोकं लावू नका, जीपीएसला भुलून गंजकं विमान घेतलेले लोक आहेत.

पॅराशूटवालं सिरस जास्त सुरक्षित नाही का? आणि डायमंड?

पॅराशूटने लोक वाचलेत हे खरंच. पण ते दर दहा वर्षांनी बदलावं लागतं आणि बिल मोठं येतं, म्हणून नऊ वर्षांचं झालेलं सिरस 'स्वस्त' मिळालं तर का ते कळलं ना. एसआर२२ चं ३१० हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, नवख्याला विमान पुढे आणि आपण मागे असं होतं, टाइप ट्रेनिंग घेतल्याशिवाय नको. डायमंड डीए४० मला फार आवडतं, शांत, ग्लायडरसारखं तरंगतं. डिझेलवालं असेल तर इंजिन कुणाचं ते विचारा. जुन्यात थिलर्टचं असतं, ती कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली होती, नंतर दुसऱ्यांनी ती घेतली, पण ती इंजिनं ओव्हरहॉल न करता ठराविक तासांनी सरळ बदलायची असतात. ते तास किती उरलेत यावरच विमानाची किंमत ठरते.

घरी बांधलेलं किंवा रोटॅक्स इंजिनवालं?

घरी बांधायच्या किटमधली आरव्ही मालिका उडवायला मजेदार आणि पैशाच्या मानाने वेगवान, पण बांधणारा कोण होता यावर सगळं, रिव्हेट बघूनच हात कळतो. काही देशात अशी विमानं बाहेरून आणून नोंदवताच येत नाहीत, आधी विचारा. रोटॅक्स ९१२ साधं पेट्रोल पितं, २,००० तास किंवा १५ वर्षं, पण दर पाच वर्षांनी रबरी होज सगळे बदलायचे असतात आणि बरेच मालक ते टाळतात. त्याची नोंद मागा.

विकत घेतल्यावर वर्षाला किती खर्च येईल?

दोन ढीग करा. विमान उडो न उडो लागणारा: हँगर, विमा, वार्षिक तपासणी. उडालं तर लागणारा: पेट्रोल, तेल, टायर, आणि ओव्हरहॉलसाठी दर तासाला बाजूला टाकायचे पैसे, म्हणजे ओव्हरहॉलचा खर्च भागिले २,०००. पहिला ढीग वर्षाच्या तासांनी भागा. वर्षाला ४० तास उडणाऱ्याला तो आकडा असा येतो की भाड्याचं विमान एकदम गोड वाटायला लागतं. म्हणूनच दोघा-तिघांत घेणं मला पटतं, विमानही उभं राहत नाही. करार मात्र लेखी, कोण कधी बाहेर पडू शकतो हे पहिल्या पानावर.

आणि खरेदीच्या किमतीच्या वर निदान १५-२० टक्के हातात ठेवा. पहिल्या वार्षिक तपासणीत काहीतरी निघतंच.

दुसऱ्या देशात स्वस्त मिळतंय, आणू का?

भाव बघण्याआधी आपल्या नियामकाला विचारा की हे मॉडेल, याच वर्षाचं, याच जादा बदलांसकट इथे नोंदवता येईल का. तिकडची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, निर्यातीसाठीचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, वाहतूक, कर, इथली नव्याने तपासणी, हे सगळं धरून स्वस्तपणा बऱ्याचदा उडून जातो.

टेस्ट फ्लाइटमध्ये काय बघू?

विक्रेत्याला सांगा इंजिन आधी तापवून ठेवू नको, थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचंय. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे दोन) एकेक बंद करून आरपीएम किती पडतो. हात सोडले की विमान एका बाजूला झुकतं का. सगळे रेडिओ, सगळे फ्लॅप, सगळे दिवे, ऑटोपायलट, एकही सोडू नका. तासभर तरी उडवा, आणि उतरल्यावर काउलिंग उघडून टॉर्चने तेल कुठे ओघळलंय का बघा.

विमान नावावर झालं, पहिले काही महिने काय करू?

उडवा, पण जवळच. हे विमान बरेच दिवस उभं असेल तर पहिलं तेल २५ तासांतच बदला, फिल्टर कापून घड्या उलगडून बघा, चुंबक फिरवून बघा. तेलाचा नमुना लॅबला पाठवा, पण पहिल्या एका रिपोर्टवरून काही ठरवू नका, तीन-चार झाले की मग कल दिसतो. फिल्टरमध्ये चुंबकाला चिकटणारा बारीक कचरा निघाला तर दुसऱ्या दिवशीचं उड्डाण रद्द करून मेकॅनिकला फोन करा.